हिरवे पान आणि आमचे शास्त्रीय गद्य

१९४२ साली नाशकास भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद आचार्य अत्रे यांनी भूषविले होते. २००५ साली त्याच नगरीत तो मान केशव मेश्राम यांच्याकडे आला. आणि २०२१ च्या डिसेंबरात येथे जे चौऱ्याण्णवावे संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षपदी जयंत नारळीकर यांची निवड झाली. प्रकृतीच्या कारणाने ते मांडवात येऊ शकले नाहीत, आणि २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाल्यामुळे आता तर ती भेट कायमचीच राहून गेली. साहित्यिकांच्या पंक्तीत एका शास्त्रज्ञास अग्रपूजेचा मान मिळाला, याचा नाशिककर म्हणून आम्हांस अभिमान वाटला, व तो वाटणे योग्यच होते. परंतु मान देणे निराळे आणि ज्या गद्यासाठी तो दिला त्या गद्याची पारख करणे निराळे. कादंबरीतील पात्र सजीव उतरले की नाही, याचा खल आम्ही टीकाकार मंडळी पानेच्या पाने करितो. शाळेच्या पुस्तकातील झाड सजीव उतरले की नाही, हे पाहणे मात्र आमचे काम नव्हे, असे आम्ही धरून चाललो आहो. ही समजूत चुकीची आहे, असे आता आम्हांस वाटू लागले आहे. आणि तिचे थोडेसे परिमार्जन करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परीक्षेसाठी आम्ही एकच विषय घेतो. हिरवे पान सूर्यप्रकाशातील ऊर्जा धरून ठेवते, आणि प्रत्येक जिवंत पेशी ती ऊर्जा पुढे कामापुरती सोडून घेते. पहिल्या क्रियेस प्रकाशसंश्लेषण व दुसरीस श्वसन असे म्हणतात. हा विषय निवडण्याचे कारण उघड आहे. काही सूक्ष्म जीव सोडले, तर पृथ्वीवरील अवघे जीवन या दोन क्रियांवर उभे आहे. आणि दुसरे असे की, मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाने या क्रियांविषयी चार वाक्ये पाठ केलेली असतात. जे गद्य सर्वांच्या वाट्यास येते, त्याची पारख सर्वांत आधी व्हावयास हवी.

ती चार वाक्ये साधारणतः या धाटणीची असतात: झाडे सूर्यप्रकाशात आपले अन्न स्वतः तयार करतात, दिवसा ती कर्बवायू घेऊन प्राणवायू सोडतात, रात्री प्राणवायू घेऊन कर्बवायू सोडतात, म्हणून झाडे लावा. हा कोणा एका ग्रंथकाराचा उतारा नव्हे. पुस्तके, भाषणे, भिंतीवरील फलक आणि घरातील वडीलधाऱ्यांची उत्तरे या सर्वांतून गाळून जो चोथा उरतो, तो हा. वाक्ये सोपी आहेत आणि शुद्धलेखनाची चूक त्यांत नाही. दोष आहे तो निराळाच, व तो आम्हांस भाषेचा दोष वाटतो.

पहिल्या वाक्यातील 'तयार करतात' हा प्रयोग घ्या. मराठी घरात अन्न तयार होते ते चुलीवर. आणि स्वयंपाकास आधी शिधा लागतो. पीठ, डाळ, तांदूळ घरात असल्यावाचून कोणती गृहिणी पान वाढणार? तेव्हा झाड अन्न तयार करते असे ऐकताच मूल मनाशी ताडते की, शिधा मुळांनी जमिनीतून आणलेला असणार, सूर्य हा जाळ, आणि पान ही कढई. हा समज किती जुना आहे व किती खोटा, हे व्हॅन हेल्माँट या पंडिताच्या प्रयोगावरून कळते. त्याने मोजून घेतलेल्या मातीत वाळुंजाच्या जातीचे एक रोप लावले आणि पाच वर्षे त्यास केवळ पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे १६४ पौंडांनी वाढले. माती घटली ती दोनचार औंस. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. माती हा शिधा नव्हे, हे त्याने सिद्ध केले. परंतु सर्व वजन पाण्याचेच, असा निष्कर्ष काढून तो स्वतःही फसला. झाडाच्या लाकडातील कर्ब हवेतून आलेला असतो. ज्या कर्बवायूचे प्रमाण हवेत दहा हजार भागांत जेमतेम चार भागांहून थोडे अधिक आहे, त्या विरळ वायूपासून सागाची तुळई होते! पंचवटीत सीतागुंफेपाशी जे जुने वड उभे आहेत, त्यांच्या कोरड्या लाकडाचे बहुतेक सारे वजन एके काळी वारा आणि पाणी होते. हे सांगताना ज्या गद्यास विस्मय वाटत नाही, ते गद्य सोपे असेल, पण त्यास समज आहे असे आम्ही म्हणणार नाही.

येथे कित्येकांस गीतेतील तो उलटा अश्वत्थ आठवेल, ज्याची मुळे वर आहेत व फांद्या खाली. प्राचीनांस हे शास्त्र ठाऊक होते, असा दावा त्यावरून कोणी करू लागल्यास आम्ही त्यास विनयाने थांबवू; ती प्रतिमा अध्यात्माची आहे, वनस्पतिशास्त्राची नव्हे. परंतु झाड वरून पोसले जाते, ही कल्पना पेलण्याची ताकद आमच्या भाषेत आहे, एवढे मात्र त्या प्रतिमेवरून निश्चित दिसते.

आता दिवस आणि रात्र या वाटणीकडे वळू. गिरणीतील पाळ्यांप्रमाणे झाड दिवसा एक काम करते आणि रात्री दुसरे, असे हे वाक्य सुचविते. वस्तुस्थिती अशी की, पानाचे श्वसन अष्टौप्रहर चालू असते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून पुष्कळ अधिक असल्यामुळे बाहेर प्राणवायूच तेवढा जाणवतो. १७७९ साली इंगेनहाउस याने दाखवून दिले की, हवा शुद्ध करण्याचे काम वनस्पतीचे हिरवे भागच करतात व तेही उजेडातच. अंधारात तीच वनस्पती आपल्यासारखीच हवा दूषित करते. या अर्ध्या वाक्याचा बाऊ होऊन झाडाखाली रात्री निजू नये ही भीती रूढ झाली. वास्तविक एका खोलीत निजलेला दुसरा मनुष्यही कर्बवायू सोडतो, आणि त्याची भीती कोणी बाळगीत नाही. उलट बाजूने, पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो, ही कंडी भाविकपणे पसरविली जाते. घायपात किंवा निवडुंग यांसारख्या वनस्पती रात्री पानांची छिद्रे उघडून कर्बवायू आत घेऊन ठेवतात, हे खरे. पण प्राणवायू निघतो तो उजेडातच, कारण तो निघण्यास पाणी फुटावे लागते आणि पाणी फोडण्यास प्रकाश लागतो. पिंपळाची थोरवी त्याच्या सावलीत आहे, पाखरांना मिळणाऱ्या फळांत आहे. त्यास खोट्या प्रशस्तिपत्राची गरज नाही.

पाणी फुटते, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. पुस्तकी वाक्यांत पान एक वायू आत घेते आणि दुसरा बाहेर सोडते, तेव्हा वाचकाची सहज समजूत होते की, कर्बवायूतील कर्ब ठेवून घेऊन झाड त्यातील प्राणवायू परत करीत असावे. तसे होत नाही. १९४१ साली रूबेन व केमेन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जड जातीचा ऑक्सिजन वापरून दाखविले की, बाहेर पडणारा प्राणवायू पाण्यातून येतो. म्हणजे आपण ज्यास प्राण म्हणतो, तो वायू पानाच्या दृष्टीने पाणी फोडल्यावर उरलेला टाकाऊ भाग आहे. 'प्राणवायू' हे नाव किती सुंदर, आणि किती दिशाभूल करणारे! प्राण त्या वायूत नाही. साखरेतून निघालेले, काम करून थकलेले विद्युत्कण शेवटी पदरात घेणारा तो एक ग्राहक आहे, आणि त्यांस घेऊन तो पुन्हा पाणी होतो. तो नसला तर रांग तुंबते व जीव जातो; म्हणून त्याचे महत्त्व. नाव बदलावे असे आमचे म्हणणे नाही. रूढ नावे बदलण्याचे वेड भाषेस हितकर नसते. परंतु नाव जेथे खोटी साक्ष देते, तेथे लेखकाने उलटतपासणी घ्यावयास हवी.

हाच न्याय 'श्वसन' या शब्दास. श्वसन म्हटले की छातीचा भाता डोळ्यांपुढे येतो. आणि मग झाडास नाक कोठे, हा मुलाचा प्रश्न येतो, ज्यावर घरातील मोठी माणसे हसतात. हसण्याजोगे त्यात काही नाही. दोष शब्दाचा आहे. श्वासोच्छ्वास हा केवळ वाहतुकीचा व्यवहार. शास्त्रातील श्वसन पेशीच्या आत होते, आपल्या पोटरीच्या स्नायूत होते, तुळशीच्या मुळात होते, पिठातील किड्यात होते. लाव्हाझिए याने अठराव्या शतकातच त्यास मंद ज्वलन म्हटले होते. प्रकाशसंश्लेषण हा शब्द उच्चारास जड खरा. पण प्रकाशाच्या बळावर जोडणे हा त्याचा अर्थ मुळाशी प्रामाणिक आहे. त्याच्या जोडीस 'विश्लेषण' हा शब्द शोभला असता. परंतु तो आम्ही टीकाकारांनीच आधी पळविला! जुन्या पिढीच्या तोंडी 'कर्बग्रहण' असा शब्द असे. त्यात कर्ब कोठून येतो याची खूण होती, पण प्रकाशाचा पत्ता नव्हता. शब्द कोणताही घ्या, तो एका अंगाने लंगडा असणारच. म्हणूनच त्याच्या आधारास चांगल्या वाक्यांची काठी लागते.

ती काठी कोठे मिळावी? आमचे उत्तर असे की, ती नाशिक जिल्ह्याच्या शेतात पडलेली आहे. पुस्तकवाल्यांनी वाकून उचलली नाही, एवढेच.

दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातील द्राक्षबागाईतदाराची भाषा ऐका. तो वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास होते ती गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर ज्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यातील उजेडाच्या व साठ्याच्या बळावर पुढच्या हंगामाच्या घडाचा अतिसूक्ष्म आकार बनतो. म्हणजे माघ-फाल्गुनात जो घड आपण खातो, त्याचे बीज मागच्या वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात पडलेले असते. गोडी छाटणी झाल्यावर वेल उघडी पडते; नवी पालवी फुटते ती तिच्या स्वतःच्या कमाईवर नव्हे, तर काडीत व खोडात आदल्या पानांनी साठविलेल्या पिठूळ द्रव्यावर. कोवळे पान प्रथम घेणारे असते आणि पुरेसे मोठे झाल्यावर देणारे होते. बागाईतदार घडाच्या पुढे ठराविक पाने राखून शेंडा मारतो, आणि कारण विचारल्यास सांगतो की, पाने कमी पडली तर घड पोसत नाही. मण्यांत पाणी उतरले, असे तो एका अवस्थेस म्हणतो. तेथून मणी मऊ होतो आणि त्यात साखर भरू लागते.

'पोसणे' या एका क्रियापदाने किती काम केले, ते पाहा! पान घडास पोसते, यात पान हे कमावते व घड हे खाते झाले. यात शिध्याचा घोटाळा नाही, कढई नाही. साखर पानात होते व वाहून घडाकडे जाते, हे वाहणे त्यात आले. आणि किती पानांमागे किती घड हा हिशेबही आला. तोडलेले द्राक्ष आंब्याप्रमाणे अढीत घालून गोड का होत नाही, याचे उत्तरही त्यातच आहे: पोसणारे पान तुटले, गोडी थांबली. आणि श्वसन? तेही या बागेत आहे. मणी पिकताना त्याचा आंबटपणा कमी होतो, तो पुष्कळसा यामुळे की, मणी आपल्यातील मॅलिक आम्ल श्वसनात खर्च करून टाकतो. उष्ण रात्री हा खर्च वाढतो आणि थंड रात्री आम्ल टिकते. तोडणीनंतर घड तातडीने थंड करून शीतगृहात ठेवतात, ते याच खर्चास आळा घालण्यासाठी. तुटलेला घड कमावीत नाही, पण जिवंत असेतोवर खर्च करीत राहतो. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांतील भेद यापेक्षा स्पष्ट कोणत्या पुस्तकात सांगितला आहे?

दुसरा पाठ लासलगावच्या वाटेवर मिळतो. कांदा हा वस्तुतः पानांचाच साठा होय. त्याचे पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले तळ. हिवाळ्याच्या उन्हात पातीने जे कमावले, ते तेथे उतरते. मग मान पडते, आणि शेतकरी कांदा काढून सुकवितो व चाळीत भरतो. उन्हाळ कांदा महिनोन्‌महिने चाळीत राहतो. चाळीची बांधणी पाहिली म्हणजे तिच्या रचनेत श्वसनाचे शास्त्र उतरलेले दिसते: तळ जमिनीपासून उचललेला, भिंती फटींच्या, थराची उंची बेताची. कारण कांदा जिवंत आहे. तो प्राणवायू घेतो, आपली साखर हळूहळू जाळतो, कर्बवायू व पाण्याची वाफ सोडतो, आणि जी ऊर्जा कामी लागत नाही ती उष्णता होऊन बाहेर पडते. वारा कोंडला की ढीग तापतो व सडतो. धडधाकट राहिलेल्या कांद्याचेही वजन उतरते. त्यास व्यापारी व शेतकरी दोघेही 'घट' म्हणतात. ही घट मुख्यतः पाण्याची, पण काही अंशी जळालेल्या साखरेचीही असते. लासलगावच्या किरणोत्सारण केंद्रात गॅमा किरणांनी कांद्याचे मोड येणे रोखता येते. श्वसन मात्र रोखले जात नाही, कारण ते रोखणे म्हणजे कांदा मारणे. शेतकऱ्याच्या वर्षाच्या मिळकतीचा एक भाग असा हवेत जातो. ज्या मुलाने शाळेत 'श्वसन' हा शब्द पाच गुणांसाठी पाठ केला, तेच मूल घरी चाळीच्या घटीविषयी बापाची चिंता ऐकते. आणि त्या दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्यास कोणी सांगत नाही. आमच्या गद्याच्या उणिवेची किंमत कोणास द्यावी लागते, हे येथे दिसते.

कोणी म्हणेल, हे स्थूल व्यवहार झाले; पेशीच्या आत जे घडते ते गावरान भाषेस झेपणार नाही. आम्ही तेही तपासून पाहिले. पेशीतील ऊर्जेचा व्यवहार एटीपी नावाच्या द्रव्यातून चालतो. १९२९ साली लोहमान याने जर्मनीत, आणि त्याच सुमारास आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव व त्यांचे सहकारी फिस्के यांनी अमेरिकेत, स्नायूंतून ते वेगळे काढले. आमची पुस्तके त्यास 'पेशीचे चलन' म्हणतात. ही उपमा इंग्रजीतून उचललेली आहे, आणि फारशी चांगलीही नाही. कारण चलन साठविता येते, पेटीत घालून मुलाबाळांस ठेविता येते. एटीपीचा साठा होत नाही. शरीरात कोणत्याही क्षणी ते थोडेसेच असते, आणि तेच फिरून फिरून वापरात येऊन एका दिवसात मनुष्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाते. यास चलन काय म्हणावयाचे? यास आमच्या भाषेत रहाटगाडगे म्हणतात. गाडगे भरून वर येते, रिते होते, पुन्हा खाली जाते; गाडगी तीच, पाणी वाहते. एका ग्लुकोजमागे प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे तीस गाडगी भरतात. प्राणवायू नसेल तर अवघी दोन. नाशिकच्या वाइनच्या पिंपात बंद असलेले यीस्ट याच तुटपुंज्या दोनांवर दिवस काढते, आणि राहिलेली ऊर्जा मद्यार्कात तशीच सोडून देते.

गाडगी भरतात कशी, हे १९६१ साली पीटर मिचेल यांनी मांडले, तेव्हा पुष्कळ विद्वानांनी ते मनावर घेतले नाही. १९७८ साली त्याच विचारास नोबेल पारितोषिक मिळाले. साखरेतून निघालेले विद्युत्कण एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे पायरीपायरीने उतरतात. त्या उतरण्यात जी ऊर्जा सुटते तिने हायड्रोजनचे धनकण एका पातळ पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात व तेथे त्यांचा फुगवटा होतो. मग ते एकाच वाटेने परत धावतात, आणि त्या वाटेवर प्रथिनाचे एक चक्र आहे, ते गरगर फिरते. ते खरोखरच फिरते. येथे उपमा नाही. ज्या गावास गंगापूरचे धरण पाणी पाजते, त्या गावच्या माणसास हे समजण्यास कोणती अडचण? पाणी अडविले, उंची मिळाली, लोट सोडला, चक्र फिरले. आणि विशेष हे की, पानातील हरितलवकात आणि आपल्या स्नायूतील तंतुकणिकेत हे धरण व हे चक्र जवळजवळ एकच आहे. भेद एवढाच की, पानात कणांस वर चढविणारा सूर्य असतो, स्नायूत साखर असते. म्हणून पुस्तकात शेवटी जी दोन समीकरणे एकमेकांच्या उलट मांडून दाखवितात, त्यांवरून एक क्रिया म्हणजे दुसरीच उलट चालविलेली, असा ग्रह होतो तो बरोबर नाही. आरंभ आणि शेवट उलट आहेत. वाटा निरनिराळ्या आहेत. आणि मधले यंत्र दोहोंचे सारखे आहे. 'ऊर्जा निर्माण होते' हा प्रयोगही येथेच टाकून द्यावा. ऊर्जा कोणी निर्माण करीत नाही. ती धरली जाते, उतरविली जाते, आणि अखेरीस उष्णता होऊन विखुरते.

आमच्या भाषेत हे सामर्थ्य असता ते वापरले का गेले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस एका मराठी घरातील दोन बहिणी आठवतात. थोरल्या दुर्गा भागवत, जन्म १९१०. धाकट्या कमला भागवत, विवाहानंतर सोहोनी, जन्म १९११. दुर्गाबाई १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांचे 'ऋतुचक्र' ज्याच्या संग्रही नाही असा मराठी रसिक विरळा. कमलाबाईंस १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत, स्त्री म्हणून, चंद्रशेखर रामन यांनी प्रथम प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट धरून तो मिळविला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली बटाट्यादी वनस्पतींच्या पेशींत त्यांनी सायटोक्रोमचा व्यवहार दाखवून दिला. म्हणजे वर सांगितलेल्या विद्युत्कणांच्या उतरणीवरील जी प्रथिने प्राण्यांत आणि यीस्टमध्ये ठाऊक होती, ती वनस्पतींच्या श्वसनातही काम करतात, हे त्यांनी पुढे आणले. या कामावर १९३९ साली त्यांस डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. आणि योग असा की, हेच हिल त्याच वर्षांत पानातून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांकडून, कर्बवायूवाचून, उजेडात प्राणवायू काढून दाखवीत होते. प्रकाशसंश्लेषण व श्वसन या दोन कथा एका गुरूच्या हाताखाली एकत्र आल्या होत्या, आणि त्यांपैकी एक कथा एका मराठी मुलीच्या हातांत होती!

दुर्गाबाईंची पालवी आम्ही सर्वांनी पाहिली. कमलाबाईंचा बटाटा कितींनी पाहिला? 'ऋतुचक्र' हे पाहणाऱ्या डोळ्याचे पुस्तक आहे. महिन्यामहिन्याने झाड कसे पालटते, याचा त्यातील शोध इतका चोख आहे की, त्याकडून रसायनशास्त्राची अपेक्षा करणे अन्याय होईल. परंतु त्या पुस्तकानंतर आमचे निसर्गविषयक ललित गद्य बहुधा पानाच्या रंगापाशीच थांबले, आणि आमचे शास्त्रीय गद्य पानाच्या नावापाशी. एकाने पाहिले आणि विचारले नाही; दुसऱ्याने सांगितले आणि पाहिले नाही. दोघी बहिणी एका घरात वाढल्या. त्यांची वाङ्मये मात्र शेजारच्या घरांसारखीही नांदली नाहीत.

या बाबतीत कोणीच काही केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पुण्यात १९२८ साली 'सृष्टिज्ञान' मासिक सुरू झाले. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद काम करीत आहे. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे प्रचंड काम उभारले. परिभाषेची वाण आता उरलेली नाही. जे उणे आहे ते परिभाषेच्या पुढचे: संज्ञा आणि संज्ञेमागील वस्तू यांची वाचकाच्या मनात गाठ घालून देणारे वाक्य. आणि त्या उणिवेत आम्हां टीकाकारांचा वाटा मोठा आहे. हिरव्या पानावरील कवितांची परीक्षणे आम्ही वर्षानुवर्षे लिहिली. ते पान करते काय, हे विचारण्याची आम्हांस कधी गरज वाटली नाही. जे वाङ्मय परीक्षणायोग्य मानले जात नाही, ते सुधारत नाही. शास्त्रीय पुस्तकाच्या अभिप्रायात आम्ही 'माहितीपूर्ण' आणि 'उपयुक्त' ही दोन विशेषणे टाकून मोकळे होतो; ही स्तुती नव्हे, टाळाटाळ होय.

एक आक्षेप मात्र विचारार्ह आहे. उपमा ही शास्त्रात घातक असते. रहाट, धरण, पोसणे यांनी उद्या नवेच गैरसमज होतील. हे आम्ही मान्य करितो. रहाटगाडग्यास पोहरा असतो, एटीपीत नसतो. धरणाचे पाणी खाली पडते, पेशीतील कण पडद्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात, त्यात वर-खाली काही नाही. म्हणून उपमा कोठवर येते आणि कोठे थांबते, हे सांगणे लेखकाचे कर्तव्य आहे. पण उपमा टाळली म्हणजे गैरसमज टळतो, हा भ्रम आहे. 'अन्न तयार करणे', 'चलन', 'प्राण', 'श्वसन' या सर्व उपमाच आहेत; फक्त त्या झिजल्यामुळे आम्हांस तशा दिसत नाहीत. निवड आहे ती तपासलेल्या उपमेची आणि न तपासलेल्या उपमेची.

नाशकात २७ फेब्रुवारीस कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषेचा गौरव होतो, आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीस, देशभर विज्ञानदिन साजरा होतो. पहिल्या दिवशीची भाषणे दुसऱ्या दिवशी कोणास आठवत नाहीत, व दुसऱ्या दिवशीची पहिल्या दिवशीच्या श्रोत्यांस ऐकू येत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु भाषेचे वैभव जसे तिच्या ताम्रपटांवरून ठरते, तसेच ते तिच्यात आज काय समजून घेता येते यावरूनही ठरते. १८४० साली स्थापन झालेल्या येथील सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटांत या दोन्ही प्रकारची पुस्तके शेजारी शेजारी बसू शकतील इतकी जागा खचित आहे.

वाचकांस आमची विनंती एवढीच आहे. घरातील मूल जेव्हा विचारील की झाडास नाक कोठे आहे, तेव्हा हसू नका. त्यास फडताळातील एक कांदा आणून द्या, त्याचे वजन एका कागदावर लिहून ठेवा, आणि महिन्याने पुन्हा करून पाहावयास सांगा. जे घटले त्यात पाणी बरेचसे आहे, पण थोडी साखरही आहे; ती कांद्याने जिवंत राहण्यासाठी वेचली, आणि ती मागच्या हिवाळ्यात कोणा शेतकऱ्याच्या वाफ्यात पातीवर पडलेल्या उन्हातून आली होती, असे सांगा. एवढे सांगण्यास जी मराठी लागते, ती आपणां सर्वांपाशी आहे; ती पुस्तकात केव्हा उतरते, याचीच आम्ही वाट पाहात आहो.